पऱ्हे उपटले, पाण्याचं काय?

सानगडीच्या शिवारात जुलैमध्ये बाया रोवणीला उतरल्या की सगळ्यांच्या तोंडी एकच हिशेब असतो: पऱ्हे किती दिवसांचे झाले? वीस-पंचवीस दिवसांचं रोप हाताला मऊ लागतं, मुळासकट अलगद सुटतं आणि चिखलात खोवलं की थोड्याच दिवसांत मूळ धरतं. पाऊस लांबला आणि पऱ्हे चाळीस दिवसांचे झाले की तेच रोप निबर होतं. रोवलं तर जगतं, पण फुटवे येत नाहीत. गेल्या हंगामात धुऱ्यावर शिदोरी सोडून बसलेली एक आजी मला म्हणाली, “पऱ्हे म्हातारे झाले त फुटत नाही जी. अन् रोवून पाणी नाही देलं त कोवळेबी जळते.”

युरोपात सध्या जो वाद पेटला आहे, तो आजीच्या या दोन वाक्यांत पुरता बसतो. युरोपीय संघात आज २७ देश आहेत. दारात युक्रेन, मोल्दोव्हा, सर्बिया, माँटेनेग्रो, अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया उभे आहेत. एक बाजू म्हणते, पटकन आत घ्या, नाहीतर हे देश रशियाच्या दावणीला जातील. दुसरी बाजू म्हणते, दमानं घ्या, आधी त्यांची न्यायालयं, त्यांचा कारभार, त्यांचा भ्रष्टाचार ताळ्यावर येऊ द्या. मोठमोठे लोक वर्षानुवर्षं वेगावर भांडताहेत. माझं म्हणणं असं की वेगाचा प्रश्न घरात आधीपासून बसलेल्यांच्या सोयीचा आहे. आत येणाऱ्याचा प्रश्न दुसराच असतो: उंबरठा ओलांडेन त्या दिवशी माझ्या हातात लेखी काय असेल, त्यावर तारीख असेल का, आणि ती तारीख चुकली तर मी कुणाची मानगूट धरायची?

सानगडीच्या माणसानं ब्रुसेल्सच्या भानगडीत का पडावं, असं कुणी म्हणेल. मी पडतो, कारण हा आमचा घरचा अनुभव आहे. आम्हीही एकदा एका मोठ्या घरात आत घेतले गेलो आहोत.

३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री सानगडी मध्य प्रदेशात झोपली आणि १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात जागी झाली. साडेतीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, तीच सानगडी महाराष्ट्रात होती. गाव जागचं हललं नाही, गढीचे पडके बुरुज हलले नाहीत, तळ्याची पाळ हलली नाही, आणि तरी चार वर्षांच्या आत तीन राज्यं पालटली. आदल्या दिवसापर्यंत राजधानी होती नागपूर, शंभरेक किलोमीटरवर. सकाळची गाडी धरून संध्याकाळी घरी परतता येईल इतकी जवळ. दुसऱ्या दिवसापासून राजधानी झाली मुंबई, आठशे किलोमीटरच्या पलीकडे. १८६१ पासून राजधानी असलेलं नागपूर एका रात्रीत उपनगरासारखं झालं. १९३६ पासून तिथं स्वतंत्र उच्च न्यायालय होतं, त्याच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ उरलं.

युरोपचे घाईवाले लोक ज्याला वेग म्हणतात, तो हा वेग. यापेक्षा जलद प्रवेश कुणाला हवा असेल?

मराठी बोलणाऱ्यांनी एका राज्यात यावं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. त्यासाठी मुंबईच्या रस्त्यावर ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांच्यापुढे मान लवते. पण आत येण्यापूर्वी आमच्या लोकांना भीती वाटत होती आणि ती भीती तेव्हाच्या शहाण्या माणसांनी ऐकलीही होती. ऑगस्ट १९४७ चा अकोला करार त्या भीतीतूनच झाला. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करारही तिच्यापोटीच झाला. त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्या सह्या आहेत, तशाच विदर्भाच्या बाजूनं रामराव देशमुख, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर यांच्याही आहेत. फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये अहवाल दिला आणि त्यात विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली. भंडारा त्या आठांतला एक. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरचं आपलं पुस्तक लिहिलं आणि मराठी मुलखाचे चार भाग सुचवले, त्यात पूर्व महाराष्ट्र म्हणजे आपणच. आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, ते भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उभे होते आणि हरले होते. हा जिल्हा त्यांनी नकाशावर पाहिलेला नव्हता, पायाखाली घातलेला होता.

तर भीती ऐकली गेली, कागद झाला, सह्या झाल्या. आता तो कागद जवळून पाहू.

नागपूर करारात लिहिलं आहे की सरकारी खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात होईल. नोकऱ्यांत सगळ्या भागांना वाटा मिळेल. तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाच्या जागा प्रमाणात मिळतील. सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला मुक्काम हलवेल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथं भरेल. वाचताना ऊर भरून येतो. मग माणूस तारखा शोधू लागतो, आणि एकही सापडत नाही. पैसा प्रमाणात म्हणजे कोणत्या वर्षापासून? मोजणार कोण? कमी पडला तर भरपाई कधी? अधिवेशन किती दिवसांचं? करारात यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. लग्नाच्या याद्या करताना देण्याघेण्याचा आकडा कुणी “यथायोग्य” असा लिहीत नाही. आमच्या घरच्या मोठ्या माणसांनी राज्याची यादी मात्र तशी लिहिली.

त्यातलं अधिवेशनाचं कलम सगळ्यात सोपं होतं, आणि तेच थोडंफार पाळलं गेलं. तेही २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं मोडलं. हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं. कारणं दिली गेली, ती खरीही असतील. पण करारात तारीख नसली की कारण नेहमीच पुरेसं ठरतं.

राज्यघटनेत तरी पक्कं झालं का? १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं कलम ३७१(२) आलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं नेमता येतील आणि निधीचं न्याय्य वाटप ही राज्यपालांची विशेष जबाबदारी करता येईल, असं त्यात आहे. शब्द नीट वाचा: “करता येईल.” ज्याला करायचं असेल त्यानं करावं. ते करायला १९९४ उजाडलं. अडतीस वर्षं. १९५६ साली जन्मलेलं मूल तोवर बाप झालं होतं.

मधल्या काळात १९८३ मध्ये दांडेकर समिती बसली, १९८४ मध्ये तिनं हिशेब मांडला. राज्याचा अनुशेष ३१८६ कोटींचा आणि त्यातला सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा. म्हणजे महाराष्ट्र झाल्यावर २४ वर्षांनी कुणीतरी पहिल्यांदा पाटावर बसून वही उघडली. मंडळं आली, निर्देशांक आले, राज्यपालांची पत्रं आली, काही पैसा हललाही. आणि ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पुन्हा मंडळं उभी करायचा निर्णय घेतला. त्या निर्णयालाही आता वर्षं लोटली.

इथं मला नेहमी ऐकवलं जातं, की विदर्भानं मुख्यमंत्री काय कमी दिले? बरोबर. मारोतराव कन्नमवार आमचे, वसंतराव नाईक आमचे आणि ते अकरा वर्षांहून अधिक त्या खुर्चीत होते, सुधाकरराव नाईक आमचे, देवेंद्र फडणवीस आमचे. माणसं गेली, मोठी झाली. पण माणूस म्हणजे यंत्रणा नव्हे. घरातला एक मुलगा फौजदार झाला म्हणून शेताला पाट येत नाही.

आणि पाटाचं म्हणाल, तर भंडारा जिल्ह्यातच पवनीजवळ वैनगंगेवर गोसेखुर्दचा पायाचा दगड २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते बसला. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. पायाचा दगड बसला त्या दिवशी जन्मलेलं पोर आज पस्तिशी ओलांडून गेलं, खर्च हजारो कोटींवर गेला आणि अडीच लाख हेक्टरांचं पाणी अजून पुरतं शेतात पोचलेलं नाही. मोठं धरण सोडा. पूर्व विदर्भात सहा हजारांच्या वर माजी मालगुजारी तलाव आहेत, आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. साकोली तालुक्यात अशा एखाद्या तलावाच्या पाळीवर उभं राहा. पाळीच्या उतारावर बेशरम माजलेली दिसेल. पोटात इतका गाळ की पूर्वी पुरुष बुडेल एवढं पाणी राहायचं तिथं डिसेंबरात गुरं चरतात. तलाव एका पावसानं सांडतो आणि एका उन्हाळ्यात आटतो. खाली बांधीतला शेतकरी ऑक्टोबरात, धान पोटरीवर असताना, एका पाण्यासाठी आभाळाकडे बघतो. एका पाण्याच्या अंतरावर पीक असतं की तणस. नागपूर करार कोरडा राहिला म्हणजे काय, ते या बांधीत दिसतं.

आता युरोपकडे वळू, कारण त्यांचा घोटाळा नेमका उलट्या टोकाचा आहे.

उत्तर मॅसिडोनियानं २००४ मध्ये अर्ज केला. २००५ मध्ये त्याला उमेदवार म्हणून मान्यता मिळाली. पण शेजारी ग्रीस आधीपासूनच म्हणत होता, तुमचं नाव आमच्या प्रांताचं आहे, ते बदला. देशानं वर्षानुवर्षं भांडून २०१९ मध्ये स्वतःचं नाव बदललं. आपलं नाव, राष्ट्राचं! त्याच वर्षी फ्रान्सनं अडवलं. २०२० मध्ये बल्गेरियानं अडवलं, भाषेवरून आणि इतिहासावरून. २०२२ मध्ये कशीबशी चर्चा सुरू झाली, तर आता राज्यघटनाच बदला म्हणतात. तिथं प्रत्येक पायरीवर प्रत्येक जुन्या सदस्याचा होकार लागतो आणि एकाच्या मानेनं सगळं थांबतं. तुर्कस्ताननं अर्ज केला १९८७ मध्ये. ब्रिटनला द गॉलनं १९६३ आणि १९६७ असं दोनदा परत पाठवलं. १९७३ मध्ये ते आत आलं आणि २०२० मध्ये बाहेर पडलं. हे म्हातारे झालेले पऱ्हे. ज्या तरुणांनी युरोपसाठी मतं दिली, ते वाट बघून पन्नाशीला आले आणि त्यांची मुलं कामाला जर्मनीत निघून गेली. नर्सरीतच पिवळं पडलेलं रोप नंतर सोन्याच्या चिखलात खोवलं तरी फुटत नाही.

म्हणून सावकाशीवाल्यांचं मला मुळीच पटत नाही. रांगेत ठेवून कुणी सुधारत नाही, रांगेतला माणूस चिडतो.

पण त्यांच्याकडून एक गोष्ट मी उचलतो, आणि ती शेतकऱ्याला समजेल अशी आहे. १ मे २००४ ला, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनालाच, युरोपीय संघात एकदम दहा देश घेतले. पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक आणि इतर. जुन्या सदस्यांना धास्ती होती की यांच्या शेतकऱ्यांना आपल्याइतकं अनुदान दिलं तर तिजोरी रिकामी होईल. म्हणून ठरवलं: पहिल्या वर्षी जुन्या देशांच्या २५ टक्के, पुढच्या वर्षी ३०, मग ३५, असं चढत २०१३ मध्ये पूर्ण. पोलंडच्या शेतकऱ्याला हे अन्यायाचं वाटलं आणि ते अन्यायाचं होतंच. एकाच बाजारात दोन भाव. पण कागदावर वर्ष होतं, टक्का होता. त्यानं भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि ते कॅलेंडर पाळलं गेलं. मजुरांचंही तसंच. कामाला मोकळं येऊ देण्याला जुने देश जास्तीत जास्त सात वर्षं अडवू शकत होते, एक दिवसही पुढे नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियानं पुरी सात वर्षं अडवलं आणि १ मे २०११ ला दार उघडावं लागलं. प्रवेशाच्या वेळी पोलंडचं दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास होतं, आता ते तीन चतुर्थांशाच्या वर गेलं आहे. सगळं श्रेय त्या कॅलेंडरचं नाही, पण बरंचसं आहे.

आमच्या करारात असं एक ओळीचं कॅलेंडर असतं तर? “सिंचनावरचा खर्च १९७० पर्यंत लोकसंख्येच्या प्रमाणात आणला जाईल, न आणल्यास पुढल्या वर्षी दुप्पट.” एवढंच. एक ओळ.

प्रवेशानंतरचा पहारा हा दुसरा धडा. बल्गेरिया आणि रुमेनिया २००७ मध्ये आत आले, तेव्हा त्यांची न्यायालयं कच्ची होती. म्हणून आत घेतल्यावरही त्यांच्यावर देखरेख ठेवली, दरवर्षी अहवाल, आणि ती २०२३ पर्यंत चालली. हंगेरीनं आत आल्यावर न्यायालयं आणि वर्तमानपत्रं वाकवली, तेव्हा बराच काळ सगळे हात चोळत बसले होते. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये ६.३ अब्ज युरो अडवले. उशीर झाला, फार झाला. पण अडवायला हातात दोरी होती. विदर्भाच्या बाबतीत वचन मोडणारा कुणाच्या दोरीत होता? विकास मंडळं ही एकच दोरी होती, ती २०२० मध्ये सोडून दिली.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. २००४ च्या त्या दहा देशांपैकी नऊ देशांनी आपल्या जनतेला विचारलं, जायचं का? नॉर्वेनं १९७२ मध्ये विचारलं, १९९४ मध्ये विचारलं, लोक दोन्ही वेळा नको म्हणाले आणि नॉर्वे बाहेर राहिला. लांब कशाला जायचं? आपल्या गोव्याला विचारलं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात मतदान झालं, महाराष्ट्रात यायचं की वेगळं राहायचं. १,७२,१९१ लोक म्हणाले वेगळं, १,३८,१७० म्हणाले महाराष्ट्र. ३४ हजारांच्या फरकानं गोवा वेगळा राहिला आणि १९८७ मध्ये राज्य झाला. कौल महाराष्ट्राच्या बाजूनं लागला नाही याचं अनेक मराठी माणसांना दुःख झालं, मलाही वाचताना होतं. पण विचारलं गेलं होतं. गोवेकराला आपल्या राज्याबद्दल तक्रार असेल, पण ‘आम्हाला न विचारता’ हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही. भंडाऱ्याच्या तोंडी तो सत्तर वर्षं आहे. कदाचित १९५६ मध्ये विचारलं असतं तर इथला माणूस हो म्हणालाच असता. मला वाटतं, म्हणाला असता. मग विचारायला काय हरकत होती?

साकोलीहून रायपूरकडे जाणारा महामार्ग धरा. १९५६ पर्यंत रायपूर आणि सानगडी एकाच राज्यात होती, दोन्ही धानाचे मुलूख, दोन्ही नागपूरकडे बघणारे. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० ला वेगळं राज्य झालं. २०२३ पासून तिथलं सरकार धान ३१०० रुपये क्विंटलनं घेऊ लागलं. आमच्या सीमेवरचा शेतकरी तो आकडा ऐकतो आणि गप्प बसतो. मी वेगळ्या विदर्भाचा झेंडा घेऊन उभा नाही, पण त्या गप्प बसण्यामागे काय आहे ते मुंबईला कळलं पाहिजे.

बेळगाव-कारवारच्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात उभा आहे. उभं राहिलंच पाहिजे. ती गावं उद्या आत आली, तर त्यांच्या हातात काय देणार आहोत? पुन्हा “प्रमाणात” आणि “ठरावीक काळ”? तिथल्या बांधवांनो, आत येण्याची घाई करा, माझं प्रेमाचं निमंत्रण आहे, पण येताना प्रत्येक वचनावर वर्ष लिहून घ्या. हे तुम्हाला सानगडीचा माणूस सांगतो आहे.

म्हणून माझा निकाल सरळ आहे. युरोपनं युक्रेनला, मॅसिडोनियाला, माँटेनेग्रोला लवकर आत घ्यावं. पऱ्हे निबर होऊ देऊ नयेत. आत घेताना प्रत्येक हक्काला तारीख बांधावी आणि मोडणाऱ्याचा पैसा पहिल्याच वर्षी अडवावा. आणि महाराष्ट्रानं आत घेतलेल्या आठ जिल्ह्यांचं पाणी सोडावं.

वाचकहो, साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसर, कुठलेही असा, एक काम करा. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरेल. त्याआधी तुमच्या आमदाराला एक पोस्टकार्ड टाका, ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर आणखी चांगलं. पोस्टकार्डावर एवढंच लिहा: विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आहे, नवं मंडळ कोणत्या तारखेला बसणार, ते सभागृहात विचारा आणि उत्तर आम्हाला लेखी कळवा. तारीख लिहिलेलं उत्तर आलं, की मला दाखवा. मी ते याच सदरात छापीन.